तुर्कीसाठी वर न गेलेला हात

तार आली तेव्हा मी कळंबच्या शाळेत मुलींकडून पाढे म्हणवून घेत होते. शिपाई दारात येऊन उभा राहिला आणि काही न बोलता कागद पुढे केला. एरवी हा माणूस एक निरोप सांगायला दहा वाक्यं खर्च करतो, त्यामुळे तो गप्प आहे म्हटल्यावर मी काय ते समजले. सुदामदादा गेला, एवढंच तारेत होतं. खरं सांगते, मला आधी रडू आलं नाही, राग आला. गेल्याच रविवारी मी राजूरला त्याच्या खाटेशी बसून आले होते आणि उठताना त्याला दम भरला होता, "पुढच्या रविवारी येतो, अन् तुमा नवरा-बायकोले समोरासमोर बसवून चांगली हजेरी घेतो." तो हसला होता. हसता हसता त्याला खोकल्याची ढास लागली, तशातही हातानं 'ये, ये' करत होता… आणि पुढचा रविवार यायच्या आत हा निघूनही गेला! जन्मभर ज्याला त्याला 'तुमी आधी, तुमी आधी' करत राहिलास, दादा, आणि नेमकी इथंच घाई केलीस.

माझा भाऊ कोणी मोठा माणूस नव्हता. राजूरच्या कोळशाच्या खाणीत तो बत्तीघरात कामाला होता. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाच्या हाती दिवा द्यायचा, वर आला की परत घ्यायचा, काच पुसून ठेवायची. त्याच्यावर पेपरात लिहून यावं असं त्यानं काही केलं नाही. पण आमच्या वणी तालुक्यात हंगेरियन भाषा थोडीफार समजणारा तो बहुतेक एकटाच असावा. आणि गंमत म्हणा की दैना म्हणा, त्याला ती शिकायचीच नव्हती. त्याला तुर्की शिकायची होती! हसू येतंय ना? या, हसा. कोळशानं काळ्या झालेल्या वस्तीत माणूस तुर्की की हंगेरियन यावर झुरतो, हे ऐकून आम्हीही पुष्कळ हसलो होतो.

हे समजायला छप्पन सालापासून सांगावं लागेल. त्या वर्षी आमच्या वस्तीनं दीक्षा घेतली. नागपूरला जायच्या आधी वस्तीची सभा भरली होती आणि सगळ्यांनी एकमतानं ठरवलं होतं की घराघरातले देव आता निघतील. त्या सभेत सगळ्यात जास्त बोलला तो दादा. वस्तीतला पहिला मॅट्रिक, तेव्हा विशी नुकतीच ओलांडलेली. आमची माय मात्र देव काढताना फार रडली. तिच्या आईनं दिलेला चांदीचा टाक होता, तो हातात धरून बसली आणि सोडेचना. दादा तिच्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "माय, सभेनं ठरवलं. आता मी माह्याच घरात मोडू काय?" मायनं टाक दिला. पण ते वाक्य दादाच्या मानगुटीवर कायमचं बसलं, असं मला आता वाटतं. सभेनं ठरवलेलं आपण मोडायचं नाही, म्हणजे नाहीच.

त्यानंतर आमच्याकडे सभा हा एक छंदच झाला, बाप्पा! विहार म्हणजे तेव्हा कुडाच्या भिंती आणि वर कवेलूंचं छप्पर. दर रविवारी सगळी वस्ती तिथं जमायची. विहिरीवर कोणी कधी जायचं, कोणाच्या पोराला वणीच्या शाळेत घालायचं, लग्नात किती पंगती उठवायच्या, सगळं हात वर करून ठरायचं. सभेचे म्होरके सोमाजीबाबा. डोळ्यांनी अधू, आवाज मात्र खणखणीत. त्यांनी एक नियम काढला होता, तो मी दुसऱ्या कुठल्याही गावात पाहिला नाही. हात आधी बायकांनी वर करायचे, पुरुषांनी मागून. "नाई त तुमी मालकाच्या हाताकडे पायता अन् मंग आपला वर करता," असं ते बायकांना तोंडावर सांगत. नियम चांगला होता, अजूनही चांगलाच म्हणते मी. पण तोच नियम आमच्या घरात असा आडवा येईल हे कोणाला ठाऊक होतं!

सभा सुटायच्या आधी दादा पेपर वाचून दाखवी. दीक्षेच्या त्याच महिन्यात तिकडे हंगेरी नावाच्या देशात लोक रस्त्यावर उतरल्याची, मग रणगाडे आल्याची बातमी त्यानं वाचली होती, आणि वस्तीनं ती मनावर घेतली होती. सोमाजीबाबांना तर त्या देशाचा लळाच लागला. "आपण उठलो त्याच महिन्यात तेही उठले," असं ते ज्याला त्याला सांगत, जणू नात्यातलीच माणसं. मग पेपरात हंगेरीचं काहीही आलं की दादानं ते वाचायचं, असा रिवाज पडला. पुढं खाणीच्या हापिसातल्या एका सर्व्हेअरनं सांगितलं की तिकडे आपल्या देशातली पोरंही शिकायला जातात. झालं! सुदाम हंगेरीला जाणार, असं वस्तीनं मनातल्या मनात ठरवूनही टाकलं.

एकोणसाठ साली दादाचं लग्न झालं. वच्छलावहिनी मारेगावकडची. बोलायला कमी, हसायला त्याहून कमी, पण गळा असा की जात्यावर बसली की शेजारणी आपली कामं टाकून भिंतीला कान लावत. त्याच सुमाराला वर्गणी काढून वस्तीनं रेडिओ आणला. बॅटरीवरचा, मोठ्या पेटीएवढा, विहारात स्टुलावर ठेवलेला. वस्तीत वीज नव्हती आणि बॅटरी उतरते म्हणून संध्याकाळी थोडा वेळच लावायचा, अशी शिस्त. कान पिळायचा अधिकार फक्त दादाचा. बातम्या आणि मराठी गाणी झाली की तो हळूहळू सुई सरकवत लांबलांबची स्टेशनं शोधायचा. खरखर, शिट्ट्या, मधेच कोणाची तरी बडबड… आम्ही पोरीसोरी पोटभर हसायचो.

एका संध्याकाळी त्या खरखरीतून एका बाईचं गाणं आलं. मागे डफासारखं काहीतरी वाजत होतं. शब्द एक कळेना, पण ती बाई कोणाला तरी हाक मारून बोलावत असावी, असं वाटत होतं. मी वहिनीकडे पाहिलं तर तिचे ओठ हलत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती भाकरी थापता थापता तेच गाणं गुणगुणत होती, शब्दांच्या जागी नुसतं 'आ' आणि 'ऊ'. वणीच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला विचारून दादानं शोध लावला की हे तुर्कस्तानचं स्टेशन. ते गाणं तिथं वरचेवर लागायचं. वहिनीनं एक दिवस कोणी नाही असं पाहून बोटानं रेडिओच्या काचेवर, सुई थांबते तिथं, काजळाचा ठिपका लावला. मी पाहिलं हे तिला कळलं, तशी लाजून म्हणाली, "हुडकाले सोपं जाते ना, बाई." दादानं तो ठिपका कधी पुसला नाही.

आणि मग याच्या डोक्यात परकी भाषा शिकायचं आलं. नागपूरला गेला होता तेव्हा जुनी पुस्तकं विकणाऱ्याकडून दोन पातळ पुस्तकं घेऊन आला, एक तुर्कीचं, एक हंगेरियनचं, दोन्ही इंग्रजीतून शिकवणारी. मी म्हटलं, "दादा, दोन काहून?" तर म्हणे, "पायतो, कोणती लागते जिभेले." पण दोन्ही देशांची स्टेशनं संध्याकाळी एकाच वेळेला लागत. पुस्तकानं अक्षर येतं, बोलणं कानानंच येतं, असं त्याचं ठाम मत. म्हणजे रेडिओचा अर्धा तास पाहिजे, आणि तो एकाच भाषेला मिळणार. रेडिओ सगळ्यांचा, तेव्हा अर्धा तास मागायचा तर सभेकडेच मागायला हवा. इथवर ठीक होतं. पण या शहाण्यानं सभेपुढं उभं राहून काय विचारावं? नुसता अर्धा तास मागितला असता तर कोणी नाही म्हटलं नसतं. शिकायचं म्हटलं की आमची वस्ती पोटाला चिमटा घेऊन हो म्हणायची. तर हा म्हणाला, "तुर्की शिकू का हंगेरियन, हेही सभेनंच सांगावं." मी कपाळावर हात मारून घेतला.

ती सभा माझ्या डोळ्यांसमोर जशीच्या तशी आहे. कोळशाच्या वाघिणी भरणारी माणसं, कापूस वेचून आलेल्या बाया, सगळे तुर्की आणि हंगेरियनवर बोलायला लागले, आणि कोणी थट्टा करत नव्हतं हो! एकानं विचारलं, कोणत्या देशात जात पाळत नाहीत? दुसरा म्हणाला, तुर्कीतले बरेच शब्द आपण बोलतोच म्हणे, मग अर्धं काम झालेलंच आहे, नवीन काहीतरी शिक. एक म्हातारी म्हणाली, "पोरा, तू बोलशीन कोनासंगं?" यावर मात्र सगळे हसले. शेवटी सोमाजीबाबांनी घसा साफ केला आणि त्यांचं ते महिन्याचं सांगितलं… आपण उठलो तेव्हा तेही उठले, त्या लोकाईचं त्याईच्याच तोंडून आयकनारा एक तरी माणूस आपल्यात पाहिजे. सगळ्यांच्या माना हलल्या. तरी नियम तो नियम. "बायाईनं आधी," बाबा म्हणाले. "तुर्कीवाल्या हात वर करा."

मी केला. मला ते गाणं आवडत होतं, सरळ गोष्ट. माझ्यासोबत चारदोन पोरींनी केला. मी वळून वहिनीकडे पाहिलं. ती पदर सावरून खाली बघत बसली होती. मी कोपरानं ढोसलं, तरी हात मांडीवरून हलला नाही. मग बाबांनी हंगेरीचं विचारलं आणि वहिनीचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला. चांगला ताठ, बांगड्या कोपराकडे घसरेपर्यंत. दादा समोर रेडिओजवळ उभा होता. त्यानं तो हात पाहिला. मग पुरुषांची पाळी आली, तेव्हा त्यानंही हंगेरीसाठीच हात वर केला. टाळ्या पडल्या. घरी येताना मी वहिनीवर उखडले, "सकाळ-संध्याकाळ ते गाणं म्हनता, अन् येन वक्ताले हात तिकडं?" ती नुसती हसली. मला वाटलं, कळलंच नसेल हिला. केवढी मी शहाणी!

दादानं हंगेरियन शिकायला सुरुवात केली, आणि मन लावून केली, त्यात खोट काढता येणार नाही. बत्तीघरात दिव्याच्या काचा पुसताना ओठांनी पुटपुटायचा. वस्तीतली पोरं त्याला 'जयभीम' घातल्यावर लगेच "यो नापोत, सुदामदादा!" म्हणायची, म्हणजे तिकडचा रामराम, आणि सोमाजीबाबांना त्याचं कोण कौतुक. एकदोन वर्षांत तिथल्या बातम्यांमधलं त्याला बरंच लागायला लागलं. मग एका रविवारी त्यानं तो अर्धा तास सभेला परत करून टाकला. "आता पोराईचे कार्यक्रम लावा," म्हणाला. कारण सांगितलं नाही. हंगेरीला जायचा विषय निघाला की उठून बाहेर जायचा. घरातही फार बोलेनासा झाला. आणि वहिनीचं गाणं… ते तर त्या सभेनंतर मी तिच्या तोंडून ऐकलंच नाही. जात्यावर आपली जुनीच गाणी म्हणे, तीही कमी झाली. दोघं भांडत नव्हती. एकमेकांना ताटात गरम वाढत होती, दुखलंखुपलं बघत होती. पण चांगल्या शेजाऱ्यासारखी वागायची, असं मला मनातून वाटायचं आणि वाईट वाटायचं. पुढं मी नोकरीला कळंबला आले. वस्तीनं नवा ट्रान्झिस्टर घेतला आणि जुना रेडिओ दादाच्या घरी आला.

त्या शेवटच्या रविवारी दादाला बोलायची हुक्की आली होती. छातीचा आजार अंगात मुरला होता, आवाज घोगरा झाला होता. वहिनी पाण्याला गेली होती. रेडिओकडे पाहत तो एकाएकी म्हणाला, "शके, मले तुर्की शिकाची होती."

मी म्हटलं, "मंग सभेपुढं उभं राहून तसं सांगाचं! तोंड शिवलं होतं काय?"

"काय सांगू? माही बायको एक गानं म्हनते, त्याचा अर्थ मले तिले सांगाचा हाये, असं सांगू? सोमाजीबाबा बसले होते, सारी वस्ती बसली होती… लाज नाई वाटत मानसाले?" मग म्हणाला, "मले वाटलं, तिचा हात वर जाईन. तिचा गेला की मी माहा करतो, असं ठरवून उभा होतो. पन तिनं त हंगेरीले केला. म्हटलं, आपल्यालेच उगाच वाटत होतं. तिले त्या गान्याचं काई नाई."

"मंग चोरून शिकाची! पुस्तक त होतं घरात."

"मायच्या हातातला टाक काढला मी, सभेच्या नावानं," दादा म्हणाला. "अन् मीच चोरून करू?"

तेवढ्यात वहिनी घागर घेऊन आली आणि त्यानं विषय सोडला. मला शेवटची गाडी गाठायची होती. म्हणूनच मी तो हजेरीचा दम भरला आणि निघाले. वाटलं होतं, पुढच्या रविवारी दोघांना बसवू, हसू, वहिनीला विचारू की बाई, असं काहून केलं. एवढी साधी गोष्ट होती ती! पुढच्या आठवड्यावर टाकली तर बिघडलं कुठं, असंच कोणालाही वाटलं असतं.

दादाच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला, माणसं पांगली आणि मी आणि वहिनी दोघीच उरलो. संध्याकाळ होत होती. मी तिला सगळं सांगितलं, दादा बोलला तसं, त्याच्याच शब्दांत. ती मांडीवरच्या हाताकडे बघत होती. मला वाटलं रडेल. रडली नाही.

"मले वाटलं, त्याईचा जीव हंगेरीत हाये," ती म्हणाली. "दर रयवारी तेच वाचत होते. सारी वस्ती म्हने, हा तिकडं जाईन, मोठा होईन. मी तुर्कीले हात केला असता त त्याईनंही माह्याकडं पाहून केला असता. मंग म्हटलं, गान्यापायी नवऱ्याचं शिक्षन बुडवलं, असं व्हाले नोको. म्हनून सगळ्याईच्या आधी केला, बाई. त्याईले दिसावं म्हनून."

"अन् गानं काहून सोडलं?"

"त्याईले वाईट वाटलं असतं ना. वाटलं असतं, हिले तेच पाहिजे होतं."

मला दोघांचाही असा संताप आला की काय सांगू! एका खोलीत राहिली, एका चुलीवरचं जेवली, आणि एवढं एक वाक्य एकमेकांना बोलली नाहीत. कोणाला बोल लावू? सोमाजीबाबांनी तर बायकांना त्यांचा स्वतःचा हात मिळवून दिला होता. वहिनीला स्वतःच्या मनानं हात वर करायला मिळाला, आणि तिनं तो नवऱ्यासाठी केला. आणि नवरा तिच्या हाताकडे बघत उभा…

रेडिओ कोपऱ्यात होता, वर वहिनीनं भरलेला रुमाल. मी तो उचलला. काचेवरचा काजळाचा ठिपका विटून तपकिरी झाला होता, आणि सुई बरोब्बर त्या ठिपक्यावर उभी होती. मी वहिनीला विचारलं, "तुमी लावली?" ती म्हणाली, "नाई वो, मी कधी बटनाले हात नाई लावला. हेच करत. विहारात होता तवाही, हंगेरीचं आयकून झालं की सुई आनून इथंच ठेवत अन् मंगच बंद करत. घरी आल्यावरही रोज तसंच. मले वाटे, मशिनीची तशी रीत असन बंद कराची."

मीही ते कितीदा पाहिलं होतं आणि मलाही तसंच वाटलं होतं. साऱ्या वस्तीला वाटलं असेल. सुई ठिपक्यावर आणायची, मग बटन बंद, मग वरून रुमाल… खाणीतल्या माणसाची शिस्त, दुसरं काय!

वहिनी उठली आणि तिनं बटन फिरवलं. आयुष्यात पहिल्यांदा. रेडिओ तापायला वेळ घेतो तेवढ्यात आम्ही दोघी नुसत्या बघत उभ्या. मग खरखर सुरू झाली आणि त्या खरखरीतून एका बाईचा आवाज आला. ती गात नव्हती, काहीतरी सांगत होती, भराभर, मधूनच हसल्यासारखी. वहिनी कान देऊन ऐकत राहिली. मी म्हटलं, "वहिनी, ते पुस्तक ट्रंकेत असनच. मी शिकतो तुर्की. कळंबले काय, रोज संध्याकाळी रिकामीच असतो. ते गानं पुन्हा लागलं की मी सांगतो तुमाले त्याचा अर्थ."

वहिनीनं मान हलवली.

"नोका शिकू, बाई," ती म्हणाली. "मले अर्थ कायले पाहिजे होता? मले त त्याईनं सांगाले पाहिजे होता."

बाईचं बोलणं संपून पुढचा कार्यक्रम लागेपर्यंत आम्ही उभ्याच होतो. मग वहिनीनं बटन बंद केलं आणि रुमाल परत अंथरला. सुई जागेवर आणावी लागली नाही. दादानं ती आणूनच ठेवली होती.